भय वाटणं आणि भय धरणं : पंडिता रमाबाईंची गोष्ट

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना सुटलेली नावं आणि सालं इथे निवांत वाचता येतील. बोलण्याची भाषा मुद्दाम फारशी बदललेली नाही.)

दिघीतून बोलतोय.

मागे एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. चाकणला प्रेस शॉपमध्ये काम करतो तो. सेकंड शिफ्ट सुटल्यावर बसमध्येच रेकॉर्ड केलेली, मागे हॉर्न वाजतायत, कोणीतरी कंडक्टरशी सुट्ट्यांवरून भांडतंय. त्याचा प्रश्न असा, "दादा, माझा रूममेट ख्रिश्चन आहे. तो म्हणतो, देव म्हणजे प्रेम. आणि त्याच्याच बायबलमध्ये जागोजागी देवाचं भय धरा म्हणून लिहिलंय. प्रेम आहे तर भीती कशाला? आणि भीतीच असेल तर ते प्रेम कसलं?"

प्रश्न भारी आहे. मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, कारण मला ते द्यायचं होतं एका बाईच्या आयुष्यातून. ती बाई आपल्यापासून फार लांबची नाही. पुणे स्टेशनवरून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की तास-दीड तासात केडगाव येतं. तिथे मुक्ती मिशन आहे. पंडिता रमाबाईंनी उभं केलेलं. रमाबाईंचं नाव आपण शाळेत एका ओळीत वाचतो, 'स्त्रीशिक्षणासाठी कार्य केले', दोन मार्क, विषय संपला. पण या बाईचं सगळं आयुष्य बघितलं तर ते एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतं, माणसानं नेमकं भ्यायचं कोणाला?

आधी शब्दाकडे बघू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे.

बायबलचा जुना करार हिब्रू भाषेत. त्यात 'यिराह' असा शब्द येतो. वाघ समोर आल्यावर पोटात गोळा येतो तीही यिराह आणि एखाद्या अफाट गोष्टीपुढे आपोआप आवाज खाली येतो तीही यिराह. नवा करार ग्रीकमध्ये, तिथे शब्द आहे 'फोबोस'. आपण इन्स्टावर ज्याला फोबिया म्हणतो ना, त्याचं मूळ. म्हणजे मूळ भाषांमध्येच एका शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत. इंग्रजीत भाषांतर झालं, एकच शब्द उरला आणि लोक घाबरले.

मराठीत मात्र गंमत आहे. मराठी बायबलमध्ये 'देवाचे भय धरणे' असा प्रयोग रुळलेला आहे. आता बघा, आपण रोज काय म्हणतो? भीती वाटते. वाटणं हे आपल्या हातात नसतं. पाल दिसली, वाटली भीती. पण धरणं? धीर धरतो, आशा धरतो, मौन धरतो, बायको अबोला धरते. धरणं ही आपण करायची गोष्ट आहे, विचार करून, रोज. सोडलं की सुटतं. त्यामुळे भय वाटणं आणि भय धरणं या मला तरी दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. आपल्याकडे 'पापभीरू' हा शब्दसुद्धा शिवी नाही, कौतुक आहे. अमुक काका फार पापभीरू माणूस, म्हणजे काय? ते घाबरट आहेत असं नाही. दुकानात वजन मारणार नाहीत, एवढंच.

आता रमाबाई.

जन्म २३ एप्रिल १८५८, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना शास्त्री मंडळींना जाब द्यावा लागला होता. पुढे आईनंच रमाबाईंना संस्कृत शिकवलं. घर असं नव्हतंच. तीर्थक्षेत्रं फिरायची, पुराण सांगायचं, दक्षिणा मिळेल त्यावर चालायचं.

मग १८७० च्या दशकातला दुष्काळ आला. रमाबाईंनी पुढे या दिवसांबद्दल लिहून ठेवलंय, आणि ते वाचवत नाही. हे कुटुंब देवाला अतिशय मानणारं होतं. संकट आलं तसा त्यांनी अधिकच नेम धरला. उपास, अनुष्ठानं, प्रदक्षिणा, दानधर्म. होतं नव्हतं ते त्यात गेलं, कारण मनात हिशोब असा की कुठेतरी चूक झाली असेल, देव रागावला असेल, त्याला प्रसन्न केलं की पाऊस पडेल, पैसा येईल. अंगमेहनतीचं काम करायचं नाही, कारण जात आणि प्रतिष्ठा. भीक मागायची नाही, कारण लाज. शेवटचा दाणा संपल्यावर ते सगळे जंगलात गेले, मरायचंच तर ओळखीच्या लोकांसमोर नको म्हणून. अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर. म्हातारे वडील जवळच्या पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायला निघाले. तेव्हा भाऊ, श्रीनिवास, म्हणाला की प्रतिष्ठा गेली खड्ड्यात, मी मजुरी करतो. (शब्द माझे आहेत, अर्थ त्याचा.) पण उशीर झाला होता. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण.

इथे एक स्पष्ट करतो. ही गोष्ट म्हणजे 'हिंदू धर्मात भीती आणि ख्रिस्ती धर्मात प्रेम' असा सरळ सामना नाही. आषाढात आळंदीहून निघालेली माउलींची पालखी आमच्या दिघीवरून पुण्याकडे जाते. त्या गर्दीत उभं राहून बघा, विठ्ठलाला घाबरून चाललाय असा एक माणूस दाखवा मला. जो समाज आपल्या संताला आणि देवालाही माउली म्हणतो त्याला प्रेमाची शिकवणी कोणी बाहेरून द्यायची गरज नाही. आणि ख्रिस्ती इतिहासात भीतीचा धंदा कमी झालेला नाही, नरकाची चित्रं दाखवून लोकांना शेकडो वर्षं गप्प बसवलंय. मुद्दा असा की रमाबाईंच्या वाट्याला जी भीती आली ती सौद्याची होती. मी हे करतो, तू मला मारू नकोस. अशी भीती कुठल्याही धर्मात शिरते. कंपनीतही शिरते.

पुढचं पटकन सांगतो. बहीणभाऊ पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीचं संस्कृत ऐकून तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, जात मोडून. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ मध्ये कॉलऱ्यानं नवरा गेला. चोविशीच्या आत सगळं. मग पुणे, आर्य महिला समाज, आणि १८८३ मध्ये इंग्लंड, डॉक्टरकी शिकायची म्हणून. ते काही जमलं नाही, कानांनी साथ दिली नाही.

इंग्लंडात त्या उतरल्या वाँटेज गावात, अँग्लिकन जोगिणींच्या मठात. (नन्स म्हणजे जोगिणी, हा तेव्हाचा मराठी शब्द, मला आवडतो.) सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. तिच्या मनात बसलं की इथे आपल्याला जबरदस्तीनं बाटवणार. त्या भीतीत ती खचत गेली आणि वाँटेजमध्येच तिने स्वतःचा जीव दिला. यावर जास्त बोलत नाही. फक्त लक्षात ठेवा की रमाबाईंनी भीती काय करू शकते हे दोनदा, अगदी शेजारी बसून बघितलं होतं.

तरीही २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मनोरमासकट बाप्तिस्मा घेतला. का? नरकाला भिऊन? नाही. त्यांनीच सांगितलंय की लंडनच्या फुलम भागात त्यांना जोगिणींचं एक आश्रयघर दाखवलं, समाजानं टाकून दिलेल्या बायकांसाठी चालवलेलं. अशा बायकांशी कोणी मायेनं वागतंय हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. विचारलं, हे का करता? उत्तरात येशू आणि विहिरीवर भेटलेली शोमरोनी बाई यांची गोष्ट मिळाली. परक्या जातीची, पाच नवरे झालेली, गावानं नावं ठेवलेली बाई, आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी देवाबद्दल चर्चा करतो. रमाबाईंना त्या गोष्टीनं ओढलं.

इकडे पुण्यात गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार' काढून रमाबाईंची बाजू घेतली.

आणि आता खरा भाग येतो. चर्चवाल्यांना वाटलं, झालं, आता ही आपली. पण बाई प्रश्न विचारायची थांबेना. त्रैक्य म्हणजे एका देवात तीन व्यक्ती कशा? क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझ्या देशातल्या लोकांना लॅटिन समजतं का, संस्कृत का नको? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत होत्या, तिथे शिकवायची गोष्ट निघाली, त्यात पुरुष विद्यार्थीही आले असते, तर बिशपांनी आक्षेप घेतला, हिंदुस्थानात गवगवा होईल म्हणून. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांनी वारंवार लिहिलं की नम्र हो, चर्चचं ऐक. १८८५ मध्ये रमाबाईंनी त्यांना कळवलं त्याचा आशय असा : पुरोहितांचं एक जोखड मी मोठ्या मुश्किलीनं मानेवरून उतरवलंय, आता त्याच जातीचं दुसरं जोखड, देवाची आज्ञा म्हणून, मी मानेवर घेणार नाही. हा सगळा पत्रव्यवहार जेराल्डीनबाईंनी जपून ठेवला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापला. मिळाला तर वाचा, दोन हट्टी बायकांचं भांडण आहे, आणि त्यात माया पण आहे.

बिशपला न भिणारी ही बाई देवाला भीत नव्हती का? भीत होती, आणि मला वाटतं म्हणूनच बिशपला भीत नव्हती.

हे कोडं बायबलमध्ये पहिल्यांदा सुटतं ते दोन सुईणींच्या गोष्टीत. शिफ्रा आणि पुवा. मिसरचा राजा फर्मान काढतो की इब्री बायकांना मुलगा झाला तर जन्मतःच मारा. या दोघी मारत नाहीत, आणि राजानं जाब विचारल्यावर चक्क थाप मारतात. कारण काय दिलंय? त्या देवाचं भय धरत होत्या. बघा, त्यांचं वागणं बाहेरून बघणाऱ्याला निडर दिसतं! ज्याच्या आज्ञेनं अख्खा देश कापतो त्याला त्या जुमानत नाहीत, कारण त्याहून मोठं काहीतरी त्यांनी मनात धरलेलं आहे. पुढे सीनाय डोंगरावर विजा कडाडतात, लोक थरथरतात, तेव्हा मोशे एका दमात दोन्ही सांगतो, भिऊ नका, आणि देवाचं भय तुमच्यासमोर राहू द्या म्हणजे पाप करणार नाही. वाटणारं भय टाका, धरायचं भय धरा. येशूनंही तसंच केलं. शरीर मारणाऱ्यांना भिऊ नका, देवाला भ्या, असं म्हणून लगेच पुढे सांगितलं की पैशाला दोन मिळणाऱ्या चिमण्यांचीही तो खबर ठेवतो, तेव्हा भिऊ नका.

चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीननं यासाठी नवरा-बायकोचा दाखला दिला होता. दोघी बायका नवऱ्याला भितात. एकीला भीती की हा घरी येईल आणि पकडेल. दुसरीला भीती की हा सोडून जाईल. (आजच्या काळात दाखला उलटा करून घ्या, दोघे नवरे घ्या, चालेल.) नंतरच्या पंडितांनी यांना नावं दिली, गुलामाचं भय आणि लेकराचं भय. गुलाम मार चुकवायला बघतो, लेकराला वाटतं आईबापाचं मन दुखू नये. योहानाच्या पत्रात पूर्ण प्रेम भीतीला घालवून देतं असं म्हटलंय, ते पहिल्या प्रकाराबद्दल. दुसरं भय प्रेमाबरोबर वाढतं.

प्रश्न विचारणाऱ्या भावा, तुझ्या शॉपमधलंच उदाहरण घे. सेफ्टी ऑफिसर दिसला की हेल्मेट चढवणारा एक असतो. त्याला भीती ऑफिसरची. आणि एक जुना ऑपरेटर असतो, रात्री दोनला कोणी बघत नसतानाही दोन्ही हातांची बटणं दाबल्याशिवाय प्रेस चालवत नाही, सेन्सरला चिकटपट्टी लावत नाही. तो मशीनला घाबरून लांब पळतो का? वीस वर्षं त्याच मशीनवर आहे, पण मशीन काय आहे हे त्यानं ओळखलंय. बोटं कोणाची जातात? बहुतेक वेळा ज्याची भीड चेपलीय त्याची, नाहीतर ज्याला टार्गेटच्या भीतीनं सेन्सर बंद करायला लावलाय त्याची. दाखला इथपर्यंतच, कारण प्रेस तुमच्यावर प्रेम करत नाही.

रमाबाईंकडे परत. त्यांच्या १९०७ च्या साक्षीत एक कबुली आहे जी मला त्यांच्या सगळ्या पराक्रमांपेक्षा मोठी वाटते. त्या सांगतात की बाप्तिस्मा घेऊन मला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. आठेक वर्षं त्या नियम पाळणाऱ्या, विचार करणाऱ्या, पण आतून अस्वस्थ ख्रिस्ती होत्या. आपण पुरेसे चांगले नाही ही जुनीच टोचणी, फक्त देव बदललेला. १८९१ च्या सुमारास त्यांना उमगलं की इथे सौदा नाहीच, क्षमा आधीच दिलेली आहे, आपण ती घ्यायची. म्हणजे लहानपणी जंगलात जी भीती होती ती धर्म बदलूनही गेली नव्हती. ती गेली ती देवाला बाप म्हणता आलं तेव्हा.

त्यानंतरच्या रमाबाई बघा. ११ मार्च १८८९ ला मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं होतं, १८९० मध्ये ते पुण्याला आलं. ठरलं होतं की तिथे धर्मप्रचार नाही. पण रमाबाई सकाळी प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसायच्या. 'केसरी'नं रान उठवलं. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी पंचविसाच्या आसपास मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी माझ्या घरात दार लावून प्रार्थना का करू? खरं सांगू, मला इथे पालकांचंही पटतं. ज्या बाईवर तुमचं जेवण आणि आसरा अवलंबून आहे तिच्या उघड्या दाराला 'फक्त उघडं दार' म्हणता येत नाही. पण पुण्यासारख्या गावात एकट्या विधवेनं सगळ्या बड्या मंडळींची नाराजी पत्करून माघार घेतली नाही, हेही खरं.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली घेऊन आल्या. ज्या मुलीनं अकरा दिवस पाला खाल्ला होता तिला काय दिसलं असेल तिथे. पुण्यात तेव्हा प्लेग, म्हणून मुलींना केडगावच्या जमिनीवर नेलं, तिथून मुक्ती सदन. त्याच १८९७ मध्ये प्लेगच्या दवाखान्यात बायकांच्या होणाऱ्या हालांबद्दल त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिलं. सरकार ख्रिस्ती, राज्य इंग्रजांचं, देणग्या गोऱ्यांच्या, तरी लिहिलं. गव्हर्नरनं आरोप फेटाळले, प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. ब्राह्मण, बिशप आणि आता सरकार.

जून १९०५ मध्ये मुक्तीत एक विलक्षण गोष्ट घडली. प्रार्थनेत मुली रडू लागल्या, मोठ्यानं आपली पापं कबूल करू लागल्या, अंगात आग पेटल्यासारखं वाटतंय म्हणू लागल्या. मग तेच रडणं हसण्यात, गाण्यात बदललं. जगभरातले पेंटेकोस्टल ख्रिस्ती आज आपल्या सुरुवातीच्या इतिहासात केडगावचं नाव घेतात, आपल्याला पुण्यात पत्ता नाही. काहींना ते पवित्र आत्म्याचं काम वाटलं, काहींना सामूहिक उन्माद. मला त्यातला एक प्रश्न सोडत नाही. दुष्काळातून आणलेली, कोणी नसलेली बारा वर्षांची पोर जेव्हा देवाच्या भयानं रडते, तेव्हा ते भय तिनं धरलेलं असतं की सगळ्या रडतायत म्हणून वाटलेलं? रमाबाईंनी जोखड नाकारलं तेव्हा त्या मोठ्या होत्या, विद्वान होत्या. या मुलींकडे ते बळ होतं का? सगळ्यांकडे नसणार.

पण रमाबाईंनी शेवटची पंधरा-वीस वर्षं ज्या कामाला दिली त्यात मला याचं उत्तर दिसतं, निदान त्यांच्या बाजूचं. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबलचं स्वतः मराठी भाषांतर करायला बसल्या. चालू भाषांतर होतं की! पण ते संस्कृतप्रचुर, शास्त्रीबुवांच्या तोंडचं. खेड्यातल्या बाईला कळायचं नाही, कळायला कोणीतरी मधला माणूस लागायचा. आणि मधला माणूस आला की त्याची भीती आलीच. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होतं, त्या बाईनं संस्कृत शब्द गाळून सोपी मराठी शोधायला वर्षं घालवली, म्हणजे मुक्तीतली मुलगी स्वतः वाचेल आणि ठरवेल कोणाला भ्यायचं.

छापखानाही मुक्तीतलाच. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, पानं बांधणाऱ्या बायकाच, त्यातल्या कितीतरी दुष्काळात उचलून आणलेल्या. २४ जुलै १९२१ ला मनोरमा वारली. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. भाषांतर हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पुस्तक बाहेर आलं १९२४ मध्ये.

तर भावा, तुझ्या रूममेटला हे ऐकव, आणि त्याला विचार की तो कुठलं भय म्हणतोय. काय म्हणाला ते व्हॉइस नोटमध्ये सांग. फक्त या वेळी बसमधून उतरून रेकॉर्ड कर.